पहिला काव्यसंग्रह आणि छोट्या प्रकाशनाचा पुरस्कार: बाड पाठवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका शिक्षिकेकडे शंभरावर कविता साठल्या आहेत. बऱ्याचशा मुक्तछंदातल्या, काही वऱ्हाडीत, थोड्या गझला. एका छोट्या प्रकाशनाने अप्रकाशित काव्यसंग्रहासाठी पुरस्कार जाहीर केला आहे. प्रवेशशुल्क पाचशे रुपये, आणि निवडलेल्या बाडाचं, म्हणजे कवीने पाठवलेल्या हस्तलिखिताचं, ते पुस्तक काढणार. पाठवावं का, बाड कसं लावावं, आणि प्रस्तावना कोणाची घ्यावी, असं त्या विचारतात. मी छोट्या प्रकाशनात संपादनाचं काम केलं आहे आणि अशा स्पर्धांची बाडं पहिल्या फेरीत वाचली आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेही सांगतो.

ताई, पाठवा. फक्त मुदत जवळ आली म्हणून पाठवू नका. आपल्या नागपुरात कोणीही म्हणेल, "देऊन द्या न बाप्पा पाठवून, काय होते?" होतं. मुदती दर वर्षी येतात, पहिला संग्रह एकदाच निघतो, आणि आपल्याकडे त्या पहिलेपणावर बरंच काही ठरतं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा गट वेगळा आहे. त्यातला कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा. (ज्यांचं स्वतःचं पुस्तक त्या गेल्यावर, १९५२ मध्ये आलं, त्यांचं नाव पहिल्या पुस्तकाच्या पुरस्काराला द्यावं हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.) महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पहिल्या पुस्तकासाठीच असते, आणि तिथे बाडच मागवतात. तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल, तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही डोळ्यांपुढे ठेवा. तो छापील पुस्तकाला मिळतो. आता कोणी घाईघाईने, मुद्रितशोधन न करता तुमचा संग्रह काढला आणि पन्नास प्रती हातात ठेवल्या, तर पुस्तक निघाल्याची नोंद होते आणि नवलेखक म्हणून असलेल्या सगळ्या सोयी संपतात. छापलेलं पुस्तक परत घेता येत नाही. म्हणून आधी त्या प्रकाशनाची परीक्षा तुम्ही घ्या, मग त्यांना तुमच्या बाडाची घेऊ द्या.

प्रवेशशुल्क आहे म्हणजे फसवणूकच, असं नाही. अप्रकाशित बाडाला पुरस्कार देऊन त्याचंच पुस्तक काढायचं, ही रीत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. आपले बहुतेक पुरस्कार छापून आलेल्या पुस्तकांना असतात. अमेरिकेत ती जुनी आहे. तिथल्या येल विद्यापीठाची तरुण कवींसाठीची मालिका १९१९ पासून चालू आहे. तिकडची छोटी प्रकाशनं बाडामागे पंचवीस-तीस डॉलर शुल्क घेतात आणि त्यातून परीक्षकाचं मानधन व छपाई भागवतात. कवितेच्या विक्रीतून तो खर्च तिथेही निघत नाही. परीक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना निवडतात, असे आरोप तिथे २००४ च्या सुमारास गाजले. त्यानंतर परीक्षकाच्या विद्यार्थ्यांनी, जवळच्यांनी बाड पाठवू नये असा नियम बऱ्याच ठिकाणी लेखी आला. नागपूरसारख्या गावात याला फार महत्त्व आहे. इथे कवी, परीक्षक, प्रकाशक आणि समीक्षक हे एकाच कार्यक्रमात पुढच्या दोन रांगांत बसलेले असतात. परीक्षकाचं नाव आधी जाहीर केलंय का आणि बाड कवीच्या नावाशिवाय वाचलं जातं का, हे विचारा. विचारल्याचा ज्यांना राग येईल, त्यांच्याकडे पाठवू नका.

खरा धोका शुल्कात नसतो, निकालानंतरच्या पत्रात असतो. 'आपली निवड झाली आहे, अभिनंदन' आणि खाली बारीक अक्षरात, 'कवीने सवलतीच्या दरात दीडशे प्रती घेणे अपेक्षित.' याचा अर्थ पुस्तक तुमच्या पैशाने निघणार. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. मराठी कवितेची कितीतरी चांगली पुस्तकं तशीच निघाली. पण स्वखर्चानेच काढायचं तर मुद्रक तुम्ही निवडा, कागद तुम्ही निवडा, दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घ्या. पुरस्काराच्या नावाखाली ते दुसऱ्याच्या सोयीने कशाला? तेव्हा फोन करून सरळ विचारा: आवृत्ती किती प्रतींची, कवीला मोफत किती, प्रती विकत घ्यायची अट आहे का, आणि पुस्तक किती महिन्यांत निघणार. उत्तरं फोनवर गोड मिळाली तरी ती ईमेलवर मागून घ्या. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासाठी, वेगळे पैसे मागत असतील तर सावध व्हा. आपल्या देशात तो क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो.

पुस्तक जातं कुठे, हेही विचारा. त्यांच्याकडे विक्रीची साखळी नसणार, ते गृहीत धरा. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि तिथे माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात, कवितेचीही. तिथे यांचा स्टॉल असतो का, किंवा दुसऱ्याच्या स्टॉलवर तरी यांची पुस्तकं असतात का? ग्रंथालयांकडे यादी पाठवतात का? आणि सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे त्यांनी आधी काढलेले दोन कवितासंग्रह सीताबर्डीच्या एखाद्या दुकानातून किंवा वाचनालयातून मिळवा. पुस्तक उघडून पानावर ओळी कशा बसवल्यात, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक जुळतात का, चुका किती आहेत, एवढं पाहिलं तरी तुमच्या पुस्तकाचं काय होणार ते कळेल. दोन्ही संग्रह मिळालेच नाहीत, तर तेही उत्तरच.

करारनाम्याबद्दल चार गोष्टी, कारण कवी मंडळी इथे फार उदार होतात. कविता लिहिली त्या क्षणी तिचा स्वामित्वहक्क तुमचा असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. किती काळासाठी दिला हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात पुस्तक काढलंच नाही, तर करारात वेगळं काही नमूद नसल्यास तो हक्क तुमच्याकडे परत येतो. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असलं वाक्य दिसलं की ते खोडून मगच सही करा. पहिल्या आवृत्तीपुरता छापील पुस्तकाचा हक्क द्या. ध्वनिमुद्रण, अनुवाद, ई-पुस्तक हे स्वतःकडे ठेवा. नियमावलीत 'प्रवेशिका पाठवताच हक्क प्रकाशनाकडे जातील' असं असेल, म्हणजे निवड न झालेल्यांचेही, तर तिथे बाड पाठवायचंच नाही. यावर चर्चा नको.

आता बाड.

आमच्याकडे बाडं येतात तेव्हा ती एकदम परीक्षकाच्या हातात जात नाहीत. बहुतेक ठिकाणी दोघं-तिघं पहिली चाळणी लावतात आणि त्यातली मोजकी पुढे जातात. चाळणी लावणारा माणूस नोकरी सांभाळून रात्री वाचतो. तो पहिली दहा-बारा पानं नीट वाचतो, मग मधली कुठलीतरी, मग शेवटची. मधे पकड बसली तर परत मागे येऊन सगळं वाचतो. हे अन्यायाचं वाटेल, पण दुकानात उभं राहून पुस्तक चाळणारा वाचकही असंच वाचतो. तेव्हा तुमच्या सगळ्यात चांगल्या कविता 'पुढे येतीलच' म्हणून शेवटच्या विभागात राखून ठेवू नका.

शंभरातल्या पन्नास-पंचावन्न कविता ठेवा. आधी नियमातली पानांची मर्यादा पाहा. तशी मर्यादा नसेल तर छपाईचा हिशेब धरा. पुस्तकाचा एक फॉर्म सोळा पानांचा. सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं, आणि पहिल्या संग्रहाला तेवढी पुरतात. त्यातली सुरुवातीची आठ पानं शीर्षक, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांत जातात. उरली ८८. दीड-दोन पानांच्या दीर्घ कविता किती आणि एका पानात बसणाऱ्या किती, हे मोजलंत की आकडा आपोआप ठरतो.

कोणत्या काढायच्या? ज्यांच्यासाठी मैफलीत टाळ्या पडतात त्या आधी तपासा. संमेलनात गाजलेली कविता कागदावर बऱ्याचदा उभी राहत नाही, कारण तिथे तुमचा आवाज होता, थांबणं होतं, शेवटची ओळ दोनदा म्हणणं होतं. मग विषय मोजा. पहिल्या संग्रहाच्या बाडांत आई, पाऊस, शेतकरी आणि कवितेविषयीची कविता या चौघांची गर्दी असते. आईवर सहा कविता असतील तर त्यांतली एक सगळ्यात खरी असते, बाकीच्या पाच तिच्यापर्यंत पोचण्याच्या पायऱ्या असतात. एक ठेवा, फार तर दोन. दिवसविशेषासाठी लिहिलेल्या, मग त्या महिला दिनाच्या असोत नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, सगळ्या बाहेर.

नागपूरच्या बाडांचं आणखी एक आहे. इथल्या हवेत कवी ग्रेस आहेत. संधिप्रकाश, दुःखाचं धुकं, अर्थाच्या कडेवरून निसटणाऱ्या प्रतिमा, हे सगळं धंतोलीच्या बागेत फिरायला गेलं तरी अंगाला लागतं. त्यांच्या हातात ते त्यांचं होतं. तुमच्या कवितेत 'सांज', 'व्याकुळ', 'गूढ' हे शब्द किती वेळा आले ते फाइलमध्ये शोधून मोजा. गझलेचंही तसंच. सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहून ती नवोदितांना पोस्टाने पाठवली, तेव्हा विदर्भात तरी तंत्र माहीत नव्हतं ही सबब चालत नाही. मात्रा ढळली, काफिया (यमक) सैल पडला, की जाणकार वाचक पुढचा शेर वाचत नाही. तुमच्या गझला निर्दोष असतील तर त्यांचा एक छोटा विभाग करा. नसतील तर या बाडात त्या नकोतच, पुढे कधीतरी स्वतंत्र पुस्तक होईल. मुक्तछंदाच्या मधेमधे एकेक गझल पेरली की वाचणाऱ्याला कवयित्रीचं नक्की काय चाललंय ते कळेनासं होतं.

वऱ्हाडी कविता मात्र काढू नका. तुम्ही विचारलंय की परीक्षक पुण्याचे असले तर त्यांना कळतील का. कळतील, तुम्ही कळू दिल्या तर. प्रत्येक शब्दाला तळटीप लावली की कविता शब्दकोशासारखी दिसायला लागते. त्यापेक्षा शेवटी एक पानभर अवघड शब्दांची यादी द्या. तीही 'सरकी', 'इरजिक' अशा खऱ्या अडणाऱ्या शब्दांपुरती. 'डोया' म्हणजे डोळा हे संदर्भावरून कुणालाही कळतं. अवघड काम वेगळं आहे. बोली लिहिताना एकच शब्द तीन जागी तीन तऱ्हांनी येतो: एकीकडे 'माहं', दुसरीकडे 'मायं', तिसरीकडे घाईत आलेलं 'माझं'. प्रमाण मराठीला मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ चे लेखननियम आहेत. बोलीला तुमचे तुम्हीच नियम करायचे. एका कागदावर पन्नासेक शब्द लिहून काढा, आपल्या घरात, आपल्या गावात जसं बोलतात तसं एक रूप ठरवा आणि सगळ्या बाडात तेच ठेवा. विसंगती दिसली की वाचणाऱ्याला शंका येते, ही बोली कानातून आली की हौसेतून. वऱ्हाडी आणि प्रमाण कविता वेगळ्या विभागात ठेवायच्या की मिसळायच्या, यावर माझं मत मिसळा असं आहे. वेगळा विभाग केला की तो शोभेच्या वस्तूंच्या कपाटासारखा वाटतो.

क्रम लावायला संगणक वापरू नका. सगळ्या कविता छापून घ्या, खोलीभर जमिनीवर पसरा, शेजारशेजारच्या दोन कविता एकमेकींशी काय बोलतात ते बघा. एक कविता जिथे संपते तिथल्या शब्दाला पुढची उत्तर देते का? लागोपाठ तीन कवितांचा शेवट सारखाच झालाय का, म्हणजे मृत्यूने किंवा प्रश्नचिन्हाने? लिहिल्याच्या तारखेप्रमाणे लावू नका. तुमचा प्रवास तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. कवितेखालच्या तारखाही काढा.

पानाचा आकारही आधीच बदलून घ्या. सगळे ए-फोरवर टाइप करतात, पुस्तक निघतं डेमी आकारात, साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. समास सोडले की ओळीला जेमतेम सव्वाचार इंच उरतात. तुमच्या लांब ओळी तिथे मोडून खाली येतील आणि वाचणारा ते तुम्ही तोडलेलं समजेल. फाइलचं पान डेमी करून पाहा; ओळ कुठे तोडायची ते मग अक्षरजुळणी करणारा ठरवणार नाही, तुम्ही ठरवाल. कडवं पानाच्या तळाशी संपत असेल तर तशी खूण करा, नाहीतर पुढच्या पानावर नवं कडवं सुरू झालंय का आधीचंच पुढे चालू आहे, हे कळत नाही.

टायपिंग युनिकोडमध्ये. अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या फाइली येतात आणि आमच्या संगणकावर त्या अगम्य चिन्हांच्या ओळी होऊन उघडतात. शाळेतल्या ऑपरेटरने जुन्या फाँटमध्ये टाइप केलं असेल तर रूपांतर करून घ्या, आणि नंतर एकेक ओळ मुळाशी ताडून पाहा. रूपांतरात रफार, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' हमखास बिघडतात. 'वऱ्हाड' लिहिणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही. शेवटी पीडीएफ करून ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा.

प्रस्तावनेचं सांगतो. घेऊ नका. तुमच्या मुख्याध्यापकांची नको आणि मोठ्या कवींचीही नको. स्पर्धेला पाठवलेल्या बाडाला प्रस्तावना जोडली की परीक्षकाला वाटतं, आपल्याआधी कोणीतरी निकाल देऊन ठेवलाय. शिवाय नाव लपवून वाचायचं असेल तर प्रस्तावनेतच नाव फुटतं. मनोगतही या टप्प्यावर नको. नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही. फाइलच्या नावात, पानाच्या वरच्या पट्टीत, फाइलच्या तपशिलात 'लेखक' म्हणून, अर्पणपत्रिकेत आणि ज्या कवितेत तुम्ही लेकीला नावाने हाक मारलीय तिथेही ते डोकावतं. शेवटचं राहू दिलं तरी चालेल, बाकीचं काढा.

सोबतचं पत्र सहा-सात ओळींचं पुरे. नाव, पत्ता, संग्रहाचं नाव, किती कविता, त्यातल्या कुठे कुठे आल्या. 'कविता-रती', 'युगवाणी' अशा नियतकालिकांत किंवा दिवाळी अंकांत आल्या असतील तर ते जरूर लिहा, अंक आणि वर्षासकट. 'लहानपणापासून लेखनाची आवड' हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. आणि नियमात 'अप्रकाशित' म्हणजे संग्रह अप्रकाशित की एकेक कविताही, हे विचारून घ्या. समाजमाध्यमांवर टाकलेल्या कवितांना काही जण प्रकाशित धरतात.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचं का? नियमात मनाई नसेल तर पाठवा, दोघांनाही तसं कळवा, आणि एकीकडे निवड झाली की त्याच दिवशी दुसरीकडून मागे घ्या. निकालाच्या तारखेनंतर महिनाभर काहीच कळलं नाही तर एक ईमेल करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुस्तक डिसेंबरच्या शेवटी काढायचा घाट घातला तर आधी विचार करा. राज्य पुरस्काराला कॅलेंडर वर्षाचा हिशेब असतो, आणि वर्षाअखेरीस निघालेल्या पुस्तकाच्या प्रती वेळेत पोचवताना धावपळ होते. जानेवारीत काढलंत तर अख्खं वर्ष हाताशी राहतं.

निवड झालीच, तर पहिलं प्रूफ तुम्ही वाचा आणि दुसरं वऱ्हाडी बोलणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. नाहीतर छापखान्यातला मुद्रितशोधक भल्या मनाने तुमचा प्रत्येक 'डोया' दुरुस्त करून 'डोळा' करून ठेवील.